खारातल्या जमिनीत तिवरं (खारफुटी) आलीत, विकावी की वनखात्याला द्यावी?

खारपाटातला: मंडळी, पेण तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर खार जमीन आहे, आजोबांच्या वेळी तिथं राता भात व्हायचा. मग बंधाऱ्याला खांड पडली ती कोणी बांधलीच नाही, दर उधाणाला पाणी आत येतं नि आता अर्ध्याहून जास्त जागेत तिवरं, तीही डोक्याच्या वर गेलेली. सातबाऱ्यावर बाबा, दोन काका आणि आत्या. धाकटे काका म्हणतात विकून मोकळे व्हा, एजंट रोज फोन करतोय. मला वाटतं जागा अशीच राहावी, हिवाळ्यात तुतवार पक्षी येतात, शाळेची पोरं येऊन बघतील. वनखातं विकत घेतं का? की एखाद्या संस्थेला विकता येईल?

सातबारा_वाचक: एजंटला आधी विचारा की घेऊन तो करणार काय? 2018 च्या हायकोर्टाच्या निकालानंतर जमीन कोणाचीही असो, तिवरं तोडायची नाहीत आणि भोवती 50 मीटरात बांधकाम नाही. संस्थेचं म्हणाल तर शेतजमीन बिगरशेतकऱ्याला थेट विकता येत नाही, कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, परवानगी लागते. आणि सरकारी जागेतलं कांदळवन (तिवरांचं रान) वनखात्याकडे जातंय ते वेगळं, तुमची खाजगी आहे.
विकण्यापेक्षा कम्युनिटी रिझर्व्ह (लोकांच्या जमिनीवर जाहीर होणारं राखीव क्षेत्र) बघा, वन्यजीव कायदा कलम 36 सी. मालकी तुमचीच राहते, समितीत मालक, वनखातं, पंचायत. केरळात कडलुंडी-वल्लिकुन्नु 2007 साली असंच झालं, त्या राज्यातलं पहिलं, तेही खाडीकाठचं. पण एकदा जाहीर झालं की समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, त्यामुळे चौघांच्या सह्या आधी, नंतर काका फिरले तर बोंब.

बांधाशेजारी: भाऊ मी तुमच्या शेजाऱ्याच्या जागी आहे म्हणून लिहितो. आमच्या बाजूच्यानं अशीच खांड उघडी ठेवली, तिवरं मस्त झाली, पण पाणी आमच्या भातात, दोन वर्षं पीक पिवळं पडून गेलं. खांड बुजवू नका, बुजवली तर तिवरं मरतील, पण शेजारच्या बाजूचा आतला बांध उचलून घ्या आणि उघाडीची (बांधातून पाणी सोडायच्या दाराची) झडप बघा. हे न करता पक्षी दाखवायला पोरं आणाल तर गाव तुम्हालाच दाखवील.

ऐरोलीकर: पोरांसाठी काँक्रीटचा रस्ता नको हां. सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) तिवरांतून लाकडी वाटसुद्धा मंजुरीशिवाय नाही. आधी बांधावरूनच बघायला द्या, दुर्बीण आणि एक माणूस पुरे. आमच्याकडे ठाणे खाडीत 2015 ला अभयारण्य झालं, लोक होडीतून फ्लेमिंगो बघतात, चिखलात कोणी उतरत नाही. भरतीचा टाइम बघून बोलवा, ओहोटीलाच तुतवार चिखलात टोचत फिरतात, भरतीला सगळे गायब.

खारपाटातला: सगळ्यांचे आभार. आतल्या बांधाचं डोक्यातच नव्हतं, रविवारी शेजारच्या तात्यांना घेऊन बघून येतो. आत्याला फोन केला तर ती म्हणते सही करीन, पण चिंबोऱ्या धरायला जाऊ देणार का ते आधी सांग 😄

सातबारा_वाचक: आत्याचा प्रश्न बरोबर आहे. स्थानिकांच्या पारंपरिक पद्धती जपणं कायद्यातच लिहिलंय, तरी चिंबोरीचं प्रस्तावातच लिहून टाका.