मदत हवी आहे: फायर-बेलीड टोडच्या टाकीतली जमीन सारखी चिखल होते

मंडळी, माझ्याकडे ओरिएंटल फायर-बेलीड टोडची (पोटाला भडक रंग असलेल्या छोट्या बेडकांची) जोडी आहे. काचेच्या टाकीत अर्धा भाग पाणी (खोली साधारण 8 सेंटीमीटर), अर्धा जमीन. तापमान 20 ते 24 अंश, पाणी क्लोरीन काढलेलं. दोघं खाऊन-पिऊन मजेत आहेत, नर तर ओरडून मला झोपूही देत नाही.

अडचण जमिनीची. नारळाच्या काथ्याचा भुसा खालून पाणी ओढून घेतो, वरचं मॉस कुजतं आणि वास सुटतो. या बेडकांना कोरडं व्हायला जागा लागतेच, शिवाय कातडीतून पाण्यातलं सगळं आत जातं, म्हणून हे लांबवायचं नाही.

मधे काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटवू, की खाली क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीचे हलके गोळे), त्यावर जाळी आणि मग भुसा? बारीक खडी सुचवू नका, भक्ष्यासोबत गिळतात. पट्टी लावलेल्यांनी हेही सांगा: सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत बेडूक कशात ठेवले होते?

आणि एवढ्या उथळ पाण्याला स्पंज फिल्टर पुरतो का? जोराचा प्रवाह यांना सोसत नाही.