ऑनलाइन विक्रेत्याने फसवलं, मग तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

मागच्या दिवाळीनंतर धाकट्या नणंदेच्या वास्तुशांतीला द्यायला म्हणून ऑनलाइन तांब्याची घागर मागवली. 'शुद्ध तांबे, हाताने ठोकलेली', २,८४९ रुपये. खोकं आलं तसंच कपाटावर ठेवलं, कारण वास्तुशांत बारा दिवसांनी होती. समारंभ झाला, नणंदेने चिंच-मीठ लावून घागर घासली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "वहिनी, हिला फ्रीजवरचा गणपती चिकटतोय गं!"

चुंबक चिकटला म्हणजे आत लोखंड. संकेतस्थळ म्हणालं, परतीचे सात दिवस संपले. विक्रेत्याच्या चॅटमध्ये रोज तोच हसरा चेहरा आणि तेच 'आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत'.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि त्याच दिवशी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढायची असते. वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. मी मेलमध्ये एवढंच लिहिलं: तुमची सात दिवसांची अट मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी असेल, मला खोटा माल आला आहे. सोबत चुंबक चिकटलेला फोटो. एकोणीस दिवसांनी पूर्ण पैसे परत आले.

माझं सोप्यात सुटलं. पण त्या एकोणीस दिवसांत कळलं की नेमकं काय करायचं हे आजूबाजूला कोणालाच ठाऊक नाही. 'वकील लावावा लागतो', 'कंपनी बंगळूरची, केस तिथेच करावी लागते' वगैरे ऐकीव गोष्टी फार. म्हणून हा धागा. ऐकलेलं नको, स्वतः केलेलं लिहा. हरला असाल तर तेही लिहा. कंपनीचं, विक्रेत्याचं नाव मात्र नको.

पिकोफॉल

ताई, मी सांगली जिल्ह्यातली, गावात घरीच शिवणकाम करते. माझं प्रकरण ग्राहक मंचापर्यंत गेलं (आता आयोग म्हणतात, आमच्याकडे अजून मंचच). जरा लांबण लागेल.

२०२२ च्या जूनमध्ये पिको-फॉलचं मशिन मागवलं, १८,५०० रुपयांना. बचत गटाचं कर्ज काढून. मशिन आलं, बसवलं, बॉबिन काढली तर तिच्यात अर्धा लाल दोरा! मी अजून सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता. मग नीट पाहिलं तर नंबराची पट्टी कानस मारल्यासारखी घासलेली. तिसऱ्या दिवशी मोटार तापून वास यायला लागला. विक्रेता म्हणाला, तुम्हीच वापरून खराब केलंत. बॉबिनला मी हात लावला नाही, तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. हे एक शहाणपण कुठून सुचलं देव जाणे.

तालुक्याच्या मेकॅनिकने त्याच्या लेटरहेडवर लिहून दिलं की मोटार जुनी आहे आणि गुंडाळी पुन्हा भरलेली आहे. भाचीने ऑनलाइन तक्रार भरून दिली. ५ लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. वकील नाही. तक्रार मराठीत, शपथपत्र मराठीत. आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे मला विक्रेत्याच्या दिल्लीला जावं लागलं नाही.

खरी रखडपट्टी विक्रेत्याला नोटीस पोचवताना झाली. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेला लिफाफा 'लेफ्ट' असा शेरा मारून परत. मग संकेतस्थळाकडे लेखी मागणी केली की विक्रेत्याचा पूर्ण पत्ता द्या, तर त्यांनी एका गोदामाचा पत्ता दिला. तिथूनही लिफाफा परत. शेवटी भाचीने बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला. तिथे नोंदणीचं खरं नाव आणि मुख्य जागेचा पत्ता मिळाला. बिलावर 'एंटरप्रायझेस' होतं, आत एका माणसाचं नाव निघालं. त्या पत्त्यावर नोटीस मिळाल्याची पोच आली. तो कधी आलाच नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी चाललं.

संकेतस्थळाचे वकील मात्र दर तारखेला हजर. त्यांचे दोन मुद्दे. एक, आम्ही फक्त मध्यस्थ, माल आमचा नाही. दोन, ही बाई ग्राहकच नाही, मशिन धंद्यासाठी घेतलं. दुसरा ऐकून पोटात गोळा आला. अध्यक्षांनी मला विचारलं, कामाला बाया किती? म्हटलं, मीच एक. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेलं यंत्र 'व्यापारी कारणासाठी' धरत नाहीत, तसं कायद्यातच लिहिलंय म्हणे. ती बॉबिन मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. वकील हसले. अध्यक्ष नाही हसले.

निकाल जानेवारी २०२४ मध्ये. १८,५०० रुपये द. सा. द. शे. ९ टक्के व्याजाने, त्रासाबद्दल ५,०००, खर्चाचे ३,०००. दोघांनी वैयक्तिक अथवा संयुक्तिकरीत्या द्यायचे, म्हणजे कोणा एकाकडूनही पूर्ण वसूल करता येतात. लगेच दिले नाहीत. मग दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ती नोटीस निघाल्यावर संकेतस्थळाने पंधरा दिवसांत भरले. एकूण दीड वर्षाच्या वर गेलं. मधल्या काळात जुन्या मशिनवरच साड्यांचे फॉल लावले, हप्ता चुकवला नाही.

कोथरूडचा आळशी

माझा अनुभव दोन ओळींचा. ६४० रुपयांचा कुर्ता, फोटोत खादी, हातात पॉलिस्टर. १९१५ वर तक्रार केली, 'विक्रेत्याने माल योग्य असल्याचं कळवलं' असं लिहून बंद झाली. ६४० रुपयांसाठी रजा टाकून तारखेला कोण जाणार? सोडून दिलं. कुर्ता गाडी पुसायला छान आहे.

धागाकर्ती

@कोथरूडचा आळशी, तुमच्यासारखेच जास्त असणार, आणि या विक्रेत्यांचं गणितही त्यावरच बांधलेलं असणार. पण हेल्पलाइनवर बंद झाली म्हणजे तक्रार संपली असं नाही. हेल्पलाइन दावा चालवत नाही, फक्त मध्ये पडते. आयोगाचा रस्ता उघडाच राहतो.

काळा कोट

वकिली करतो, म्हणून काही दुरुस्त्या. इथे अशील शोधत नाही, घाबरू नका.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. लोक कंपनीशी मेल-मेल खेळत दोन वर्षं घालवतात आणि मग माझ्याकडे येतात. मेल पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करा, तपासणी लागली तर पाच. पिकोफॉल ताईंचा दीड वर्षाचा अनुभव वास्तवाच्या जास्त जवळ आहे. सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) लेखी जबाब द्यायला मात्र ३० अधिक १५ असे ४५ दिवसच मिळतात, त्यावर एक दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ते पक्कं केलंय. समोरचा 'मुदत द्या, साहेब' करत बसला तर हे लक्षात ठेवा.

'आम्ही मध्यस्थ' हा बचाव माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ वरून येतो. तो सरसकट चालत नाही. विक्रेत्याचं नाव, पत्ता दाखवणं, ग्राहकाने लेखी मागितल्यावर पुरवणं ही संकेतस्थळाची स्वतःची कामं आहेत. ती केली नाहीत तर उत्तर त्यांनाच द्यायचं. म्हणून ताईंनी पत्ता लेखी मागितला हे सोन्यासारखं काम झालं. फोनवर मागितला असता तर हातात काय राहिलं असतं?

स्क्रीनशॉट जोडताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. आधी जुन्या साक्ष कायद्याचं कलम ६५-ब म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. आणि जाहिरातीचं पान आजच जतन करा. तक्रार गेली की विक्रेता 'शुद्ध तांबे'चं 'तांब्याचा मुलामा' करून ठेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मापात पाप

जीएसटी क्रमांकाबद्दल भर घालतो, अकाउंट्समध्ये आयुष्य गेलं. पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, ०७ दिल्ली, २४ गुजरात. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. क्रमांकातलं सहावं अक्षर पी असेल तर विक्रेता एकटा माणूस, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. तक्रारीत सामनेवाल्याचं नाव काय लिहायचं हे यावरून ठरतं. दुकानाच्या पाटीवरच्या नावावर आदेश घेतलात तर वसुलीच्या वेळी तो म्हणणार, अशी कोणी व्यक्तीच नाही.

बिलच नसेल तर? मग तो विक्रेता नव्हे, भुरटा.

चपलीचा अंगठा

सगळे विक्रेत्यांना धोपटताय म्हणून दुसरी बाजू. आमचं कोल्हापुरी चपलांचं काम, वडिलांपासून. चार वर्षं ऑनलाइन विकतोय. लग्नसराईत चप्पल मागवायची, मांडवात मिरवायची आणि सहाव्या दिवशी 'साईज बसत नाही' म्हणून परत पाठवायची. तळाला हळद-कुंकू लागलेलं असतं हो! एकदा तर खोक्यात आमच्या चपलेऐवजी रबराची झिजलेली स्लीपर आली. संकेतस्थळाने गिऱ्हाइकाला पैसे दिले आणि माझ्या हिशोबातून कापले, वर जाण्यायेण्याचं भाडंही माझंच. मी ग्राहक नाही, त्यामुळे मला ग्राहक आयोग नाही. दिवाणी दावा करायचा तर करारात अधिकारक्षेत्र भलत्याच शहराचं. आता प्रत्येक जोडाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, बारीक ठोक्याची खूण करतो आणि खोकं बंद करताना व्हिडिओ घेतो. गेल्या वर्षात त्या खुणेवर तीन दावे जिंकलो, संकेतस्थळाच्याच विक्रेता-मदत खिडकीवर.

धागाकर्ती

@चपलीचा अंगठा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. धाग्याच्या शीर्षकात मी फक्त विक्रेत्यालाच आरोपी केलं होतं.

ठाणे पश्चिम

जुना सोफा विकायला टाकला होता. 'फौजी आहे, बदली झालीय' म्हणत एकाने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. स्कॅन केला, पिन टाकला, १४,००० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. बायको अजून ऐकवते. वीस मिनिटांत सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला म्हणून समोरच्या खात्यात ९,००० गोठवले गेले, ते कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले. बाकीचे त्याने आधीच काढले होते. हा मामला ग्राहक आयोगाचा नाही, सायबर पोलिसांचा. १९१५ आणि १९३० यांत गल्लत करू नका. १९३० ला मिनिटं मोजायची असतात.

लेस्टरची सून

इंग्लंडमधला अनुभव चालेल ना? 'न वापरलेला' म्हणून लॅपटॉप घेतला, ६४० पौंड. उघडून पाहिलं तर बॅटरी ६११ वेळा चार्ज झालेली. क्रेडिट कार्डाने घेतला होता. इथे १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं (कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट) कलम ७५ आहे, १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूसाठी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार. पण मध्ये बाजारपेठवाली कंपनी आली की ती साखळी तुटते, असं म्हणून बँकेने हात वर केले. मग विक्रेत्याला चौदा दिवसांची मुदत देऊन दाव्याआधीचं पत्र पाठवलं आणि ऑनलाइन दावा लावला, फी ७० पौंड. त्याने दावा नाकारला. २०२४ पासून छोट्या रकमेच्या दाव्यांना आधी फोनवर तासभराची मध्यस्थी सक्तीची आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मध्यस्थ आळीपाळीने फोन करतो. चाळीस मिनिटांत तो ५६० वर आला, मी हो म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, आणखी ताणायचं होतंस.

आठवले तसे

एक प्रश्न. परत घ्यायला माणूस आला होता का त्या घागरीला?

धागाकर्ती

नाही आला. पैसे दिले, घागर न्यायला कोणी फिरकलं नाही. नणंदेने तुळशीजवळ ठेवलीय, पाणी घालायला. काठावर अजून तांबूस आहे, बुडाशी गंज चढलाय. फ्रीजवरचा गणपती परत फ्रीजवर.