लिक्विड कूलर काढून एअर कूलर लावतोय, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी बोला

खाडीकाठ:
मशीनमध्ये सीपीयू रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, वर ३६० एमएमचा एआयओ, म्हणजे पंप, नळ्या आणि पंखेवाला रेडिएटर असलेला तयार लिक्विड कूलर. राहतो मालवण साईडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. पंप मे महिन्यापासून गुरगुरतोय आणि आता गेम जरा चालला की सीपीयू ८९ डिग्रीला टेकतो, क्लॉक म्हणजे वेग पडतो, फ्रेम्स गेल्या. वॉरंटी आहे हो, पण क्लेम म्हणजे खोक्यात घालून मुंबईला कुरिअर करा आणि तोवर मशीन झाकून ठेवा. माझं स्पष्ट मत झालंय की एआयओ हा सर्व्हिस सेंटर रिक्षाने गाठता येतं अशा लोकांचा खेळ आहे, कोकणात ड्युअल टॉवर, म्हणजे पत्र्यांचे दोन मनोरे नि पंखे असलेला एअर कूलर लावावा आणि गप्प खेळावं. पटत नसेल तर सांगा, पण कारण द्या, नुसतं ‘लिक्विड इज बेस्ट’ नको.

जांभाचिरा:
अजिबात पटलं नाय. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतच ३४-३५ असतं, त्यात तू कॅबिनेटच्या मधोमध एक ढिगारा ठेवणार जो ग्राफिक्स कार्डची गरम हवा ओढून परत सीपीयूवर मारणार. एआयओ वर लावला की निदान ती हवा थेट बाहेर जाते. आणि वजन? नॉक्टुआचा डी१५ एअर कूलर फॅनसकट १३२० ग्रॅम आहे, मदरबोर्डला सव्वा किलो लटकवायचं. वर खारं वारं. अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्स, म्हणजे त्या पातळ पट्ट्या, दोन पावसाळ्यात पांढऱ्या पडतील, मग ये इकडे.

रातांबा:
जांभा भाऊ, रेडिएटरच्या फिन्स कशाच्या असतात? अ‍ॅल्युमिनियमच्याच ना? काळा रंग मारला म्हणून मीठ काय विचारून बसतं का.
कार्डाच्या हवेचा मुद्दा थोडा बरोबर आहे, चार-पाच डिग्री इकडेतिकडे होतील. पण ७८००एक्सथ्रीडी गेममध्ये शंभर वॉटच्या खालीच असतो, कागदावर टीडीपी, म्हणजे उष्णतेचा आकडा, १२० असला तरी. त्याला ३६० म्हणजे पापलेट तळायला लग्नाची कढई. खरा प्रश्न बिघडल्यावर काय होतं हा आहे. टॉवरचा फॅन मेला तर कुठलाही १२० एमएमचा फॅन लावा, कणकवली-कुडाळात मिळतो, आणि तो येईपर्यंत कॅबिनेटच्या हवेवर निदान ब्राउझर तरी चालतो. पंप मेला की संपलं, पाणी जागच्या जागी तापत बसतं. शिवाय एआयओचं पाणी नळ्यांच्या रबरातून हळूहळू उडतच असतं, गळती नसली तरी. बहुतेकांना परत भरायची सोयच नसते.

जांभाचिरा:
बी क्वाएट कंपनीच्या प्युअर लूप एआयओला भरायचं तोंड आहे. माहिती करून बोला जरा.

रातांबा:
म्हणून ‘बहुतेकांना’ म्हटलं. वाचून बोला जरा.

सुरुबन:
आपल्या दमट हवेत लिक्विड नकोच, नळ्यांवर थेंब धरतात आणि बोर्ड शॉर्ट होतो, ऐकलंय मी.

रातांबा:
मी एअरवाला असूनही सांगतो, हे चूक आहे. थेंब खोलीच्या हवेपेक्षा गार वस्तूवर धरतात, फ्रिजमधल्या बाटलीवर धरतात तसे. एआयओतलं पाणी चालू मशीनमध्ये कायम खोलीपेक्षा गरमच असतं, पंखा मारून खोलीच्या खाली कोणी जात नाही. गळतीची भीती धरायची तर धरा, पण हे कारण नको. आणि गंमत म्हणजे एअर कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपमध्येसुद्धा थोडं पाणीच असतं, खाली वाफ होते, वर फिन्सपाशी गार होऊन परत उतरते. फक्त त्याला पंप लागत नाही.

दुरुस्तीवालो:
रे बाबांनो, मी रोज मशिनी उघडतंय. तुमी दोघांय फिन्सवर भांडतास, खरी भानगड फॅनच्या पाठीमागे आसता. रेडिएटर नि फॅनच्या मधे लाल माती, खारी ओल नि केस यांची गादी झालेली आसता, बाहेरून कायच दिसणा नाय. गिऱ्हाईक म्हणता कूलर खराब झालो. टॉवरचो फॅन तारेच्या क्लिपवर, क्लिप सोडवली, ब्रश मारलो, परत लावलो, झाला. एआयओवाल्याचे स्क्रू काढूचे लागतत, ते गंजलेले, एक फिरणा नाय, मगे शिव्या माका. पालींचा तर नावच काढू नकात.
खाडीकाठ, रेडिएटर खय लावलस? समोर लावून वरची बाजू पंपाच्या खाली येत असात तर हवा पंपात जमता, गुरगुर त्याचीच आसतली. आधी ता बघ, मगे पैसे घाल.

खाडीकाठ:
काका, वरच लावलाय, पंपाच्या वर. गादी पण साफ करून बघितली, तापमान तसंच. एक नळी गरम आणि दुसरी जवळजवळ खोलीइतकीच गार लागते, म्हणजे पाणी फिरतच नाय धड.

दुरुस्तीवालो:
मगे पंपच गेलो. तां काय नीट होवचा नाय.

आंबाघाट_उतरून:
माझं वेगळं म्हणणं आहे. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, इंटेलचा १४९००के सीपीयू आहे, रेंडरला २५३ वॉट खेचतो. टॉवर लावून बघितला, एक्सपोर्ट सुरू झालं की लगेच १००. त्यामुळे कोकणात एअरच हा नियम करू नका प्लीज, नवीन पोरं वाचतात आणि नंतर आमच्यासारख्यांना विचारतात.

रातांबा:
अहो पण त्याने रेंडरचं विचारलंच नाय. २५३ वॉटला लिक्विड घ्या, कोण नको म्हणतंय.

नेत्रावती_वेटिंग:
एअरवाले एक विसरताय. माझ्यासारखे पुण्यात शिकणारे गणपती-शिमग्याला मशीन गाडीत टाकून गावी आणतात. तो १३२० ग्रॅमचा दगड आडवा लटकलेला आणि खाली मुंबई-गोवा हायवेचे खड्डे. सॉकेटचं काय होईल? एआयओमध्ये सीपीयूवर फक्त छोटा पंप असतो, वजन सगळं कॅबिनेटच्या पत्र्यावर.

जांभाचिरा:
हे मी पहिल्यापासून सांगतोय, कोणी ऐकत नाय.

रातांबा:
हा मुद्दा मात्र मान्य. प्रवासात टॉवर काढूनच न्यायचा, पोचल्यावर सीपीयूवर परत थर्मल पेस्ट लावून बसवायचा. कंटाळवाणं काम आहे. तुझं मशीन सतत फिरणार असेल तर एआयओच ठेव. खाडीकाठचं मशीन टेबलावरून हलत नाय.

खाडीकाठ:
हलत नाय, यूपीएससकट चिकटलंय. बरं मग ठरलं. डी१५ नाय घेत, उंची १६५ एमएम आहे आणि माझ्या कॅबिनेटात काच लागेल. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मध्ये बसतो, दोन फॅन, सहा हीटपाइप, आणि नवीन ३६० च्या निम्म्याहून कमी पैशात. रॅम उंच आहे माझी, पुढचा फॅन थोडा वर सरकवावा लागेल, काचेपर्यंत किती जागा उरते ते आज मोजतो.

रातांबा:
रेडिएटरचे तीन फॅन टाकू नको. दोन पुढे हवा आत घ्यायला, एक मागे बाहेर टाकायला लाव, म्हणजे जांभाभाऊंची गरम हवेची तक्रार पण मिटेल.

जांभाचिरा:
मिटली नाय. पावसाळा गेला की फिन्सचा जवळून फोटो टाक, मग बोलू.