झोपायची खोली मोकळी करताना: अनुभव, मापं आणि कुठे बिनसतं ते

निवांतकोपरा
सकाळी शेजारच्या गच्चीवर गाद्या उन्हात पसरलेल्या दिसल्या आणि सामान यायच्या आधीची नवी खोली आठवली. एक गादी, एक दिवा, बाकी मोकळी जमीन. पुढे तिथे इस्त्रीचे कपडे, प्रवासाच्या बॅगा, बिलं, औषधं, दुरुस्तीला न्यायचा पंखा, सगळे मुक्कामाला येतात आणि खोली झोपण्याची राहत नाही. इथे सुतारकाम, शिवणकाम, घर लावणं यात मुरलेली मंडळी आहेत, म्हणून हा धागा. नेमकं लिहा.

माझं म्हणणं एवढंच की सुरुवात कपाटापासून करू नका. कपाट रिकामं केलं की ढीग पलंगावर, दमल्यावर तोच ढीग खुर्चीवर. त्याऐवजी पलंगावर आडवं व्हा, डोकं उशीवर टेका आणि जे जे दिसतंय ते लिहून काढा. उभ्याने कधीच न जाणवणाऱ्या गोष्टी यात सापडतात: कपाटाच्या माथ्यावरचे खोके, टेबलाखालचा वायरींचा गुंता, पंख्याच्या पात्याच्या कडेला बसलेली काळी धूळ. या यादीतलं आधी हलवा. मग जमीन, मग उशाशी, मग पलंगाखाली. कपाट शेवटी. फोटो आणि पत्रं त्या दिवशी उघडायचीच नाहीत, ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

पिशव्या चार: इथेच राहील, दुसऱ्या खोलीत जाईल, देऊन टाकू, फेकू. यातली दुसरी पिशवी दगा देते. दर अर्ध्या तासाने उठून ती रिकामी केली नाही तर आठवडाभर दाराशी तशीच उभी राहते.

टाचणी
खुर्ची! खुर्चीबद्दल आधी बोला. पसारा आळसामुळे होतो असं म्हणतात ते मला पटत नाही. एकदा अंगाला लागलेले, पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे ठेवायला बहुतेक घरांत जागाच नसते. धुतलेल्यांत घालवत नाहीत, धुण्यात टाकवत नाहीत, मग खुर्ची. खुर्ची हलवली तर पलंगाचा कठडा.

उपाय: माणशी चार आकडे, जास्त नाही. जमिनीपासून १५०-१६० सेंमी उंचीवर, दोन आकड्यांत १५ सेंमी अंतर. चार भरले की पाचवा कपडा येताना पहिला धुण्यात जातो, हा नियम. आकडे पलंगावरून दिसणार नाहीत अशा भिंतीला किंवा दाराआड लावा. आणि घामट कपडा लगेच कपाटात कोंबू नका, दोन-तीन तास वारा लागू द्या, नाहीतर शेजारच्या धुतलेल्या कपड्यांनाही वास धरतो.

सुतारपक्षी
टाचणीताई, अगदी मोलाचं. त्यात भर. दारावरून अडकवायचे पत्र्याचे आकडे आणण्याआधी दार बंद करून वरच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधले चार-पाच पत्ते एकत्र सरकवून बघा. सहज गेले तरच तो पत्रा मावेल. नाहीतर दार घासतं, चौकटीचा रंग जातो आणि बिजागरीवर ताण येतो.

चिकटवायचे आकडे चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत. गोंद धरतो, रंगाचा पापुद्रा सुटतो. तैलरंग, टाइल, लॅमिनेट यांवर चालतात. आधी स्पिरिटने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि लगेच वजन टांगू नका, निदान तासभर थांबा. भिंतीत भोक पाडणार असाल तर ६ मिमीचा गट्टू (स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग), ६ मिमीचंच बिट. खाली भिंतीला एक पाकीट उघडं चिकटवा, सगळा भुगा त्यात पडतो.

आणि कळकळीने सांगतो, उंच कपाट किंवा ड्रॉवरचं खोकं भिंतीला बांधा. तीन-चार ड्रॉवर एकदम उघडले की तोल पुढे येतो, त्यात लहान मूल खणांची पायरी करून चढतं. वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या, ८ मिमीचे गट्टू, ५० मिमीचे स्क्रू. हे काम पुढे ढकलू नका.

मोगरा१२
वाचतेय. कुकर लावून येते. आमच्या पलंगाखाली सामानाची पेटी आहे, तिच्या गादीसकट उचलायच्या झाकणाबद्दल कोणी सांगेल का, आमचं वर राहतच नाही, खाली येतं.

रातराणी
उजेडाचं मी लिहिते. आपल्या डोळ्यात काही पेशी अशा असतात की ज्या बघायला मदत करण्यापेक्षा मेंदूला दिवस आहे की रात्र हे कळवतात. साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त चेतवतो. म्हणून झोपायच्या खोलीत पांढराशुभ्र दिवा नको. खोक्यावर २७०० केल्विन किंवा त्याहून कमी लिहिलेला घ्या. वाचायला ४०० ल्युमेनच्या आसपास पुरेसा होतो. दिव्याच्या टोपीची खालची कड बसल्यावर हनुवटीच्या पातळीला यावी. त्याहून वर असेल तर बल्ब डोळ्यात जातो, फार खाली असेल तर पानावर सावली पडते.

पडद्यांत बहुतेकांचं चुकतं ते दांडीत. जाड पडदा आणला तरी उजेड कडेने येतो. दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना १५-२० सेंमी जास्त, वर १०-१५ सेंमी. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट, मग चुण्या नीट पडतात. टोकाची कड भिंतीकडे वळवून एका छोट्या आकड्यात अडकवली की बाजूची फट बंद. उजेड अडवणारं अस्तर वेगळं टांगा. त्यावरचा रबरासारखा थर गरम पाण्याने आणि पिळल्याने तडकतो, मग चाळणीसारखे ठिपके दिसतात.

निवांतकोपरा
रातराणी, चार्जर आणि राउटरचे ते हिरवे-निळे ठिपके?

रातराणी
काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा. फक्त हवेच्या जाळीवर चिकटवू नका. त्यापेक्षा चार्जिंगची जागाच खोलीबाहेर न्या, म्हणजे उशाचं टेबलही रिकामं होतं आणि फोनही उशाशी राहत नाही.

चिमणराव_नव्हे
मग गजराचं काय? साधं घड्याळ घ्यावं तर टिकटिक.

रातराणी
सरकता काटा असलेलं घ्या, सेकंदाचा काटा उड्या न मारता सरकतो आणि आवाज जवळजवळ नसतो. तोंड भिंतीकडे वळवून ठेवा, रात्री जाग आली की वेळ बघायची नाही.

घडीमोड
कपाट शेवटी हे बरोबर, पण येऊ दे आता. टांगायच्या भागाची आतली खोली ५५-६० सेंमी हवी, नाहीतर हँगर तिरके होतात आणि दार बाही चिमटतं. सदऱ्यांना दांडीखाली १०० सेंमी, लांब कपड्यांना १५० ते १६०. घडीच्या कप्प्यांचं उलटं आहे. ४० सेंमीपेक्षा खोल कप्पा केला की मागे दुसरी रांग तयार होते आणि ती विसरली जाते. दोन फळ्यांत ३० सेंमी पुरे. जास्त उंची ठेवली की चळत उंच होते आणि तळातला कपडा ओढला की कोसळते.

ड्रॉवरमध्ये कपडे एकावर एक न ठेवता उभ्या घडीने लावा. घडीची उंची ड्रॉवरच्या आतल्या उंचीपेक्षा दोन सेंमी कमी. घडी जमली की नाही ते कसं ओळखायचं? जमिनीवर उभी करून हात काढा. उभी राहिली तर ठीक, मान टाकली तर एक दुमड कमी पडली आहे. ड्रॉवर गच्च भरू नका, हात आत जाऊन एक घडी बाहेर निघेल एवढी जागा ठेवा.

काय लागतं आणि काय नाही हे ठरत नसेल तर सगळे हँगर उलटे टांगा, आकड्याचं तोंड आपल्याकडे. वापरलेला कपडा परत ठेवताना सुलटा. वर्ष सरल्यावर जे उलटे राहिले त्यांचा विचार करा. सहा महिन्यांतच निकाल लावला तर थंडीचे कपडे विनाकारण बळी जातात.

पिंपळपान
घडीमोड, रेशमी आणि जरीच्या कपड्यांचं काय करायचं? प्लास्टिकच्या पिशवीतच आहेत सगळे.

घडीमोड
आजच काढ गं बाहेर. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, रेशीम पिवळं पडतं आणि जर काळवंडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळ. घडी दर तीन-चार महिन्यांनी वेगळ्या रेषेवर पाड, कारण जरीचा धागा घडीवरच तुटतो. अत्तर थेट कपड्यावर फवारू नकोस.

हवा काढून घ्यायच्या पिशव्या जाड सुती चादरी आणि कृत्रिम धाग्याच्या रजयांना ठीक. पिसांच्या रजईचा फुगवटा फार दिवस दाबून ठेवला की परत येत नाही. आणि हाताला जरासुद्धा गार-दमट लागत असेल तर पिशवी बंद करायची नाही, आत बुरशी धरते.

ओलावा
बुरशीवरून लिहितो. भिंतीला कपाट टेकवून ठेवलं की मागे हवा फिरत नाही. बाहेरच्या भिंतीला असेल तर निदान ५ सेंमी जागा सोडा. ओल भिंतीतून येतेय की खोलीतली वाफ गार भिंतीवर जमतेय हे बघायला साधारण ३० सेंमीचा ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा. दोन दिवसांनी काढा. भिंतीच्या बाजूने थेंब असतील तर गळती किंवा भिंतीतली ओल, आधी ती दुरुस्त करा. खोलीच्या बाजूने थेंब असतील तर हवा खेळती करा, ओले कपडे खोलीत वाळवणं बंद.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलावा पिऊन हिरवं झालं की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा. हवेतला ओलावा ओढून त्याचं पाणी साठवणारे डबे चालतात, पण उभेच ठेवा. ते पाणी चामड्यावर सांडलं तर चामडं गेलं.

डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. त्यांची सतत वाफ होत असते आणि तीच रात्रभर नाकात जाते. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. बाळाचे कपडे तर त्यांच्याजवळसुद्धा ठेवू नका.

टाचणी
हे शेवटचं ठळक अक्षरांत लिहायला हवं. अनुमोदन.

चादरबदल
धुळीबद्दल. गादीतल्या धुळीच्या किड्यांना दमट हवा आणि आपल्या कातडीचा कोंडा लागतो. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा, पाणी ६० अंश. त्याहून कोमट पाण्याने मळ निघतो, किडे मरत नाहीत. इतक्या गरम पाण्यात न टिकणारी कापडी खेळणी पिशवीत घालून २४ तास फ्रीझरमध्ये आणि मग धुवायची. फ्रीझरने किडे मरतात, पण शिंका आणणारा कचरा तसाच असतो, म्हणून धुणं चुकवू नका.

सकाळी उठल्या उठल्या पांघरुणाची घडी घालू नका. पायथ्याशी उलटून ठेवा, खिडकी उघडा, अर्ध्या तासाने पलंग आवरा. रात्रभराचा दमटपणा निघून जातो. गादी दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. वरून मऊ थर शिवलेली गादी मात्र पालथी करायची नाही, फक्त फिरवायची.

पलंगाखाली ठेवायचंच असेल तर चाकांचे, झाकणाचे सपाट खोके आणि त्यात फक्त जादाच्या चादरी-रजया. झाडू आत पोहोचला पाहिजे. उघड्या बॅगा आणि बुटांचे खोके तिथे नकोत.

मोगरा१२
आले. मांजर रोज उशीवर येऊन झोपतं त्याला उपाय आहे का कोणाकडे?

चिमणराव_नव्हे
उशी त्यालाच देऊन टाका, तो धागा वेगळा काढू :)

चादरबदल
मोगरा, पायथ्याशी धुता येईल असा जाडसर पंचा घाल, मांजर त्यावर स्थिरावतं. पंचा दर दोन दिवसांनी धू.

पिंपळपान
औषधांचा ड्रॉवर राहिला. उशाशी फक्त रोजचं औषध आणि पाणी. बाकीची कोरड्या, गार, मुलांच्या हाताला न येणाऱ्या जागी. गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा. आधी तेच फाडलं जातं, मग उरलेल्या चार गोळ्या कधीच्या ते कळत नाही आणि डबा भरत जातो. तारीख नसलेली सुटी गोळी कितीही नवी दिसली तरी ठेवायची नाही.

सुतारपक्षी
@मोगरा१२, झाकण खाली येतंय म्हणजे ते उचलून धरणारे गॅसचे पंप दमलेत. तेल घालून काही होत नाही. पंपाच्या नळीवर आकडा आणि पुढे एन (न्यूटन, जोराचं माप) असं छापलेलं असतं, उदाहरणार्थ ८००एन. तोच आकडा, पूर्ण उघडलेल्या पंपाची लांबी तीच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच नवा लावला तर झाकण तिरकं उचललं जातं आणि प्लाय पिळतो.

काम करताना झाकणाखाली मजबूत लाकडाचा टेकू द्या, हाताने धरून भागणार नाही. पंपाच्या टोकाच्या गोल सांध्यावर, म्हणजे गोळीवर, छोटी स्प्रिंगची क्लिप असते, ती चपट्या पेचकसाने किंचित उचलली की पंप सुटतो. नवा लावताना झाकण बंद असताना बारीक दांडा खालच्या अंगाला येईल असा लावा, म्हणजे आतलं तेल सीलजवळ राहतं. आणि गादी वर नसताना झाकण मिटवायला जाऊ नका, नव्या पंपाचा जोर गादीच्या वजनाच्या हिशेबाने असतो, झाकण बसणारच नाही.

मोगरा१२
आकडा पुसलाय हो. आता?

सुतारपक्षी
गादी आणि झाकणाचं मिळून वजन किती, पंप पूर्ण उघडल्यावर एका गोळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत लांबी किती आणि दांडा किती मिमी जाड, एवढं मोजून इथे टाका. फोटो पण टाका, बिजागरी कुठे आहे ते दिसेल असा.