जुना गोल्ड बग २ मेटल डिटेक्टर सोन्यासाठी कसा सेट करायचा? जमिनीजवळ नेला की कोकलतो

यारा_काठचा_पाटील: नमस्कार मंडळी, मेलबर्नला असतो. गराज सेलमध्ये एका आजोबांकडून फिशरचा गोल्ड बग २ उचलला. स्क्रीन वगैरे काही नाही, नुसते नॉब आणि खटके, मॅन्युअलही नाही. मायनर्स राइट (सोनं शोधायचा परवाना) काढलंय, दहा वर्षं चालतं, म्हणजे हौस भागेल. रविवारी मेरीबरोकडे गेलो, तर कॉईल (दांड्याच्या टोकाची चकती) खाली नेली की कोकलतो आणि वर घेतली की गप्प! सेन्सिटिव्हिटी फुल, ऑडिओ बूस्टवर आहे. आयर्न डिस्क (लोखंड वगळायचा मोड) लावलं की शांत होतो, मग तसंच फिरवू का? बायको म्हणते एवढ्या पेट्रोलमध्ये सराफाकडून दोन मणी आले असते.

बेंडिगोचा_बंड्या: सगळं फुल्ल करून ठेवलंय मग कोकलणारच ना पाटील. हा ७१ किलोहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तांदळाच्या कणीएवढं सोनं पकडतो, पण आपली इकडची लोहाची लाल मातीही तेवढ्याच प्रेमाने पकडतो. सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणा, बूस्ट काढा, मिनरलायझेशनचा (जमिनीतल्या खनिजांसाठीचा) खटका हायवर टाका. मग थ्रेशोल्ड (मागचा सततचा आवाज) असा ठेवा की कानात डास गुणगुणल्यासारखं जेमतेम ऐकू येईल. हेडफोन पाहिजेच. आता खिळे-पत्रा नाही अशी जागा बघून कॉईल वर-खाली करत राहा आणि ग्राउंड रिजेक्टचा (जमिनीचा आवाज मारायचा) नॉब फिरवा, खाली नेताना आवाज वाढतोय की मरतोय ते ऐका, दोन्ही बंद झालं की जमलं. आधी मोठा नॉब, मग फाइन. आणि एकदा करून दिवसभर विसरायचं नाही, हे जुनं मशीन स्वतः काही करत नाही, दहा पावलांवर माती बदलली की परत करा.

कलगुर्लीकर: बंड्याभाऊंशी सहमत, पण त्याआधी कॉईलचं प्लॅस्टिक कव्हर काढून बघा!! आत माती साचते आणि लोक महिनाभर नॉब पिळत बसतात. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, सैल हलली तरी आवाज येतो. नऊ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या नव्या घाला.

आयर्न डिस्कवर फिरू नका. खोली कमी होते आणि लोह-खनिज जास्त असलेल्या जमिनीत बारीक सोनं लोखंड समजून गिळलं जातं. ऑल मेटलवर (सगळे धातू पकडणाऱ्या मोडवर) फिरायचं, सिग्नल मिळाल्यावर वाटलं तर डिस्क लावून तपासायचं. घरी शिशाचा छर्रा दोन-तीन इंच पुरून कान तयार करा.

एक मात्र सांगतो, खोल नगेट (सोन्याचा गोळा) याच्याकडून मागू नका, त्यासाठी पल्स इंडक्शन जातीचा डिटेक्टर लागतो. १९८० साली किंगोवरला २७ किलोचा हँड ऑफ फेथ नावाचा नगेट डिटेक्टरनेच सापडला, ते ऐकून सगळे निघतात. तुम्ही उघड्या खडकाच्या भेगा आणि जुन्या खाणकाम्यांचे मातीचे ढीग बघा, कॉईल जमिनीला घासत, गोगलगायीसारखं. आणि खड्डे बुजवा.

पन्हाळ्याचा_पक्या: भावा हे मशीन गावाकडं आणलं तर गुप्तधन घावंल का 😄

बेंडिगोचा_बंड्या: पक्या, १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. नांगर हाक गप.

यारा_काठचा_पाटील: कव्हर काढलं, अर्धी मूठ लाल माती आणि एक बुटाचा खिळा निघाला!! खिळा आतच होता राव. काल परत गेलो, ग्राउंड रिजेक्ट जमायला अर्धा तास लागला, मग एकदम शांत. दिवसभरात अकरा छर्रे, एक बंदुकीची गोळी, दोन हॉट रॉक (धातूसारखा आवाज देणारे खनिजाचे दगड). सोनं शून्य.

कलगुर्लीकर: अकरा छर्रे म्हणजे मशीन लागलंय. तो छर्रा आणि तेवढं सोनं, कानाला फरक कळत नाही, म्हणून बारावाही खणायचा. कुठल्या घळीत गेला होतात ते इथे लिहू नका मात्र.