ब्लेंडेडमध्ये नेमकं काय ऑनलाइन टाकायचं?

हडपसरची_मॅडम
बीकॉमला कॉस्टिंग शिकवते. पुढच्या सेमपासून विषय ब्लेंडेड, म्हणजे थोडा भाग ऑनलाइन आणि बाकीचा वर्गात घ्या असं मीटिंगमध्ये ठरलं, यूजीसीचं ४० टक्केवालं काहीतरी आहे म्हणे. बाकीचे म्हणतायत शनिवारी झूमवर लेक्चर लावा, झालं ब्लेंडेड. मला नाही पटत, लॉकडाऊनमध्ये कॅमेरा बंद करून पोरं झोपायची हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कुणी नीट केलंय का हे?

कर्वेरोडकर
मॅडम, झूमवर लेक्चर लावायला माझाही विरोधच, त्यात दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात पडतं. मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे असं करतो की व्याख्या, फॉर्म्युला, एक सोडवलेलं उदाहरण एवढंच आठ-दहा मिनिटांच्या व्हिडिओत, खाली दोन-तीन प्रश्नांची क्विझ, आणि वर्गात फक्त गणितं. तुमच्याकडे ब्रेक-इव्हनचा (ना नफा ना तोटा) फॉर्म्युला व्हिडिओत जाईल, पण ओव्हरहेड, म्हणजे भाडं-विजेसारखे सामायिक खर्च, कुठल्या डिपार्टमेंटला कशाच्या आधारावर टाकायचे यावर पोरं वर्गातच भांडली पाहिजेत, ते व्हिडिओ बघून येत नाही. आणि एक पथ्य पाळा, व्हिडिओ न बघता आलेल्यांसाठी वर्गात तेच परत शिकवू नका, एकदा शिकवलंत की पुढच्या आठवड्यापासून कोणीही बघणार नाही.

टीवाय_वाघोली
सर तुमचं बरोबर आहे पण विद्यार्थ्यांच्या बाजूनं सांगतो, आमच्या इथे व्हिडिओ आले आणि लेक्चर एकही कमी झालं नाही, म्हणजे दिवसभर कॉलेज, मग पीएमटी, मग पार्टटाइम, आणि रात्री अकराला व्हिडिओ, याला काय ब्लेंडेड म्हणायचं? जेवढा व्हिडिओ तेवढा तास टाइमटेबलमधून काढा, आणि जमलं तर सगळे ऑनलाइन तास एकाच दिवशी ठेवा म्हणजे त्या दिवशी नगर रोडचं ट्रॅफिक तरी चुकेल. व्हिडिओ डाउनलोड होऊ देत प्लीज, हॉस्टेलचं वायफाय म्हणजे असून नसल्यासारखं.

निवांत_पेठकर
मीटिंगवाल्यांनी दोन वेगवेगळे ४० टक्के एकत्र केलेत असं वाटतंय. यूजीसीच्या २०२१ च्या स्वयम् (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) नियमात एका सेमला प्रोग्रामच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून घेता येतात, क्रेडिट ट्रान्सफर होतं. त्याच वर्षीच्या ब्लेंडेडच्या मसुद्यात मात्र प्रत्येक कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात असं होतं. तुमचा प्रश्न दुसऱ्यातला आहे. स्वयम् वर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) कोर्स लावायचा विचार असेल तर पोरांना आधीच सांगा की फायनल परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५, आणि पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० असे दोन्हीकडे वेगळे लागतात. नुसत्या असाइनमेंट उतरवून भागत नाही.

हडपसरची_मॅडम
दोन ४० चं माहीतच नव्हतं, आता सोमवारी एचओडींना विचारते. तास कमी करायला ते तयार होतील का ही खरी मेख आहे, कारण तास कमी झाले की आमचा वर्कलोड कमी दिसतो आणि सीएचबीवाल्यांच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकांच्या, पोटावर येतं. व्हिडिओ बनवायचा वेळ कुणाकडे वर्कलोडमध्ये धरतात का?