भाऊ खचलाय, त्याच्यासाठी प्रार्थना कशी करू?

भांडुपची ताई
सर्वांना सलाम. नोकरी गेल्यापासून माझा धाकटा भाऊ पार खचलाय. भिंतीकडे तोंड करून पडून असतो, चर्चच्या उपासनेला येत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. परवा आमच्या घरी प्रार्थनासभा होती, तिथे एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "विश्वास असता तर गोळ्या लागल्या नसत्या." काल त्याने गोळी नको म्हटलं. आई उशाशी बसून मोठ्याने स्तोत्रं वाचते, तो कानांवर उशी घेतो. मला त्याच्यासाठी प्रार्थना करायचीय, पण त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही.

परळची मावशी
बाळा, आधी गोळ्यांचं बघ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद होता कामा नये, काका काहीही म्हणोत. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव म्हणून हिणवलं नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता.

आता बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 काढ. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरताना पाहिलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या धाकाने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवदूत आला तो रागे भरायला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, "ऊठ, खा" एवढंच म्हणाला. एलीया जेवून परत झोपला, तर परत उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतरचं.

माझा मुलगा असाच पडून असायचा तेव्हा मी त्याच्या खाटेशी खाली बसून मेथी निवडायचे. प्रार्थना मनातल्या मनात. एके दुपारी त्यानेच हात लांबवून जुडी ओढली आणि काड्या खुडायला लागला. शब्द नाही काढला. मी पण नाही. रात्री मात्र अर्धी भाकरी जास्त खाल्ली. तू तोंड उघडायची घाई करू नकोस गं.

माहीमचा दादा
आम्ही कॅथलिक. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियामातेची खास प्रार्थना, चालते, मराठीतूनही असते. गर्दी फार, भावाला आत्ता झेपणार नाही. त्याच्या वतीने तुम्हीच या.
आईंना सांगा, स्तोत्र 88 वाचा, तेही हळू आवाजात. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळ नाही, तरी ती प्रार्थनाच. जीव द्यायची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

भांडुपची ताई
मावशी, दादा, खूप आधार वाटला. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांनी उद्या त्याला घेऊन बोलावलंय. आईने 88 वं वाचलं आणि बराच वेळ गप्प बसली. काकांशी पाळकसाहेब स्वतः बोलणार आहेत. तोवर प्रार्थनासभा आमच्याकडे नको, असं मी कळवून टाकलंय.